१/७२ हरिकेनच्या रंगावर पांढुरकी झाक आली आणि पोपडे निघाले. ३०३ स्क्वाड्रनच्या खुणांबद्दलही मार्गदर्शन हवे

राजारामपुरीकर यांचा प्रश्न

नमस्कार,

गेली चार वर्षे मी प्लास्टिकच्या किटपासून विमानांच्या प्रतिकृती बनवत आहे. आजवरचे सगळे रंगकाम हाताने, ब्रशने केले. एअरब्रश आणि लहान कॉम्प्रेसर यंदाच्या मे महिन्यात घेतला आणि त्यावरचे पहिलेच मोठे काम भर पावसाळ्यात अंगावर घेतले. त्यात जी अडचण आली आहे, ती येथील जाणकारांसमोर सविस्तर मांडतो.

हातात असलेले विमान १/७२ प्रमाणातील हॉकर हरिकेन मार्क १ आहे आणि किट आर्मा हॉबी या पोलंडमधील कंपनीचे आहे. पूर्ण झाल्यावर एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते जेमतेम १७ सेंटिमीटर भरेल. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढलेल्या ३०३ क्रमांकाच्या पोलिश स्क्वाड्रनच्या, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीच्या, रंगांतच ते करायचे, हे किट विकत घेण्यापूर्वीच ठरले होते, कारण त्यामागची गोष्ट घरची आहे. माझ्या आजीचे माहेर वळिवडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, तेथे पोलंडमधील सुमारे ५ हजार निर्वासितांची छावणी होती, हे कोल्हापुरात बहुतेकांना ठाऊक असते आणि महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभही आपण जाता-येता पाहिलेला असतो. आजीच्या वडिलांकडून त्या छावणीत दुधाचा रतीब जात असे आणि सहा-सात वर्षांची आजी त्यांच्याबरोबर जाई. दूध घेणारी बाई प्रत्येक माप ओतले की मोठ्याने मोजत असे, त्यामुळे आज ८७ व्या वर्षीही आजीला ‘येदेन, द्वा, त्शी’ असे तीनपर्यंत पोलिश भाषेत मोजता येते. त्या लोकांच्या देशाचे विमान तिच्या खोलीतल्या फडताळात ठेवायचे आहे. म्हणून ते नीट व्हावे, अशी माझी तळमळ आहे.

आता अडचण सांगतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी पोटाकडच्या बाजूस ‘स्काय’ हा फिकट हिरवट रंग दिला आणि वरच्या बाजूस ‘डार्क अर्थ’ या मातकट रंगाचा हात दिला. रंग लॅकर थिनरमध्ये पातळ केला होता. बाहेर संततधार चालू होती. अर्ध्या तासात पंखांवर आणि धडाच्या पाठीवर दुधावर साय धरावी तशी पांढुरकी झाक आली. सुकल्यावर ती जाईल असे वाटले, पण ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मास्किंग टेप लावून त्यावर ‘डार्क ग्रीन’ फवारला आणि टेप ओढली, तेव्हा डाव्या पंखावरचा रंग भिंतीचा पोपडा निघावा तसा टेपबरोबर उचलून आला व खाली किटचे कोरे प्लास्टिक दिसू लागले.

ही झाक काढता येते का, की सगळाच रंग उतरवून पुन्हा सुरुवात करावी? दोन रंग जेथे मिळतात ती कड स्पष्ट असावी की धूसर? शिवाय इंटरनेटवरच्या एका चित्रात याच स्क्वाड्रनच्या हरिकेनला शेपटीपुढे फिकट रंगाचा पट्टा दाखवला आहे. मला सप्टेंबर १९४० मधले विमान करायचे आहे, तर तो पट्टा द्यावा का? आणि विमान वापरलेले दिसावे म्हणून झीज किती दाखवावी, याबद्दलही आपले अनुभव कळवावेत.

उद्यमनगरी यांचे उत्तर

राजारामपुरीकर, तुमचा प्रश्न वाचून मला अजिबात आश्चर्य वाटले नाही, कारण यंत्रांच्या सुट्या भागांवर फवाऱ्याने रंग देण्याचे काम मी शिवाजी उद्यमनगरात वीस वर्षे करत आहे आणि जून ते सप्टेंबर या काळात हीच तक्रार आमच्याही वाट्याला येते. आमच्याकडे याला ‘रंग ब्लश झाला’ म्हणतात. लॅकर थिनर फार वेगाने उडते आणि उडताना ज्या पृष्ठभागावर ते आहे त्याची उष्णता ओढून घेते. रंगाचा ओला थर त्यामुळे भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो आणि हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटावा तसे ते बाष्प रंगावर बसते. वरचा थर सुकत असताना हे पाणी आत अडकते आणि आपल्याला ती पांढुरकी झाक दिसते. म्हणजे दोष रंगाचा नाही, हवेचा आणि थिनरच्या वेगाचा आहे.

केवळ झाक आली असती, तर रंग उतरवण्याची गरज नव्हती. रिटार्डर घातलेले, म्हणजे सावकाश उडणारे, थिनर अगदी हलक्या हाताने त्यावर फवारले की थर पुन्हा थोडा ओला होतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि मूळ रंग परत दिसू लागतो. परंतु तुमच्याकडे रंग टेपबरोबर उचलूनही आला आहे आणि त्याचे कारण वेगळे आहे. रंगाने प्लास्टिकला धरलेच नव्हते. किटचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून कारखान्यात जे द्रव्य वापरतात, त्याचा पातळ थर कधीकधी भागांवर राहतो आणि जोडणी करताना आपल्या बोटांचा तेलकटपणा त्यात भर घालतो. जोडणीपूर्वी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात सगळे भाग धुतले होते का? प्रायमर दिला होता का? तुमच्या वर्णनात या दोन्हींचा उल्लेख नाही, म्हणून मला वाटते की तेथेच चूक झाली असावी. एका पंखावर जे झाले ते दुसऱ्या पंखावर डिकल, म्हणजे खुणांची चिकटचित्रे, लावताना होईल, म्हणून मन घट्ट करून सगळा रंग उतरवा.

रंग उतरवण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मोबाइल दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. विमान झाकणाच्या डब्यात त्यात बुडवून ठेवा आणि मऊ झालेला रंग जुन्या टूथब्रशने हळूहळू काढा. काही रंग तासाभरात सुटतात, काहींना रात्रभर लागते. हार्डवेअरच्या दुकानातले एनसी थिनर किंवा ॲसिटोन मात्र चुकूनही वापरू नका. किटचे प्लास्टिक पॉलिस्टायरीन असते आणि या दोन्हींत ते विरघळते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका विमानाचा रंग एनसी थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायला गेलो आणि दोन मिनिटांत पंखावरच्या पत्र्यांच्या जोडरेषा पुसल्या जाऊन तेथे चिकट डाग उरला. ते विमान मला पुन्हा करता आले नाही.

नव्याने सुरुवात करताना हवेवर लक्ष ठेवा. आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ विकत घ्या आणि ६५ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर लॅकर फवारू नका, असा माझा स्वतःचा नियम आहे. आपल्याकडे श्रावणात दुपारी दोन-तीन तासांची उघडीप मिळते, ती साधा. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा त्या हवेतलेही पाणी सुटते, म्हणून नळीवर पाणी अडवणारा फिल्टर हवाच आणि टाकी असेल तर प्रत्येक वेळी काम संपल्यावर तिच्या तळाची चावी सोडून पाणी काढावे. सुकवण्यासाठी मी लाकडी खोक्यात ४० वॉटचा साधा बल्ब लावला आहे आणि वर-खाली हवेला भोके ठेवली आहेत. आत हाताला कोमट लागावे, त्याहून जास्त नको, नाहीतर पंख वाकतात. रंग दिल्याबरोबर विमान त्या खोक्यात ठेवू नका. थिनरची वाफ पूर्ण उडून गेली, वास थांबला, की मगच ठेवा. आणि पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून फवारण्याची सवय कृपया लावून घेऊ नका. वाफ शोषणारा मास्क आणि बाहेर हवा टाकणारा पंखा, या दोन गोष्टी एअरब्रशइतक्याच आवश्यक आहेत.

कसबा बावडेकर यांचे उत्तर

रंगाचे शास्त्र उद्यमनगरींनी सांगितले आहे, त्यामुळे मी खुणांपुरते लिहितो. या स्क्वाड्रनवर माझा विशेष जीव आहे, तेव्हा उत्तर थोडे लांबेल.

शेपटीपुढचा तो फिकट पट्टा देऊ नये. ब्रिटिश फायटर कमांडने ‘स्काय’ रंगाचा पट्टा आणि त्याच रंगाचे पंख्याचे टोपण हे नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस सुरू केले. ३०३ स्क्वाड्रन २ ऑगस्ट १९४० रोजी लंडनच्या पश्चिमेस असलेल्या नॉर्थोल्ट तळावर उभी राहिली. ३० ऑगस्टला सरावाच्या उड्डाणात असताना लुडविक पाश्किएविच या वैमानिकाने रांग सोडून एक जर्मन विमान पाडले, दुसऱ्याच दिवशी स्क्वाड्रनला प्रत्यक्ष लढाईत उतरवण्यात आले आणि ११ ऑक्टोबरला ती विश्रांतीसाठी उत्तरेकडे लेकनफील्डला गेली. म्हणजे तिची ती प्रसिद्ध लढाई सहा आठवड्यांची आहे आणि त्या सहा आठवड्यांतल्या कोणत्याही विमानावर तो पट्टा नव्हता. पंख्याचे टोपण काळे ठेवा. याच सहा आठवड्यांत स्क्वाड्रनने शत्रूची १२६ विमाने पाडल्याचे दावे केले. नंतरच्या पडताळणीत हा आकडा कमी झाला, तसा तो त्या लढाईतल्या जवळपास सर्वांचाच झाला, पण हरिकेन उडवणाऱ्या स्क्वाड्रनमध्ये ३०३ चे स्थान सर्वांत वरचे आहे.

ब्रिटिश हवाई दलाची ओळखखूण असलेल्या, विमानावरच्या वर्तुळांचे तीन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पंखांच्या वरच्या बाजूस फक्त निळे आणि लाल, खालच्या बाजूस निळे, पांढरे आणि लाल, तर धडाच्या बाजूंवर निळे, पांढरे, लाल आणि बाहेरून पिवळे कडे. स्क्वाड्रनची अक्षरे ‘आरएफ’ ही मध्यम करड्या रंगात असतात. विमानाचा अनुक्रमांक काळ्या रंगात ८ इंच उंचीचा असे, म्हणजे तुमच्या प्रमाणात पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. त्याची ओळ धडाच्या रेषेला समांतर बसली नाही, तर एवढ्या लहान विमानावरही ते लगेच डोळ्यांना खुपते.

बहुतेक लोक ‘आरएफ-आर’ हे विमान निवडतात, म्हणजे अनुक्रमांक आर ४१७५, आणि ते योसेफ फ्रांतिशेक यांचे म्हणून ओळखले जाते. आपण आजींना दाखवताना एवढे सांगावे की हे वैमानिक पोलिश नव्हते, चेक होते. त्यांचा स्वतःचा देश १९३९ च्या मार्चमध्ये जर्मनीने गिळला, तेव्हा ते पोलंडमध्ये आले, तेथून फ्रान्स आणि मग ब्रिटन असा प्रवास करत पोलिश स्क्वाड्रनमधून लढले, १७ विमाने त्यांच्या नावावर लागली आणि ८ ऑक्टोबर १९४० रोजी याच आर ४१७५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पोलिश वैमानिकाचेच विमान हवे असेल, तर किटमधले दुसरे डिकल पाहावे लागेल. परंतु परक्या देशात आश्रय घेऊन लढलेल्या माणसाचे विमान वळिवड्याच्या आठवणीशेजारी शोभेल, असे मला वाटते.

स्क्वाड्रनचे बोधचिन्ह मात्र विसरू नका. १७९४ च्या उठावाचे नेते तादेउश कोश्चुश्को यांच्या नावाने ते ओळखले जाते. त्यात लाल चौकोनी टोपी, एकमेकांना छेदणारी दोन सरळ केलेली विळ्याची पाती आणि मागे अमेरिकेच्या ध्वजातले १३ तारे व पट्टे आहेत. शेतकऱ्यांनी शेतीची हत्यारे घेऊन लढाई केली, त्याची ती खूण आहे; आणि तारे व पट्टे आले ते १९१९ च्या सुमारास पोलंडच्या बाजूने लढायला आलेल्या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांमुळे. तुमच्या प्रमाणात हे सगळे काही मिलिमीटरच्या गोलात बसलेले असेल. डिकल लावण्यापूर्वी एकदा भिंगातून पाहा, म्हणजे उलटे लागणार नाही.

पंखांच्या पुढच्या कडेवर आठ ब्राउनिंग मशीनगनची भोके असतात. उड्डाणापूर्वी थंडी आणि ओल आत जाऊ नये म्हणून त्यांच्यावर लाल रंगाच्या कापडाचे तुकडे चिकटवत, आणि पहिली गोळी सुटली की ते फाटत. तुमच्या विमानावर हे लाल तुकडे शाबूत असतील, तर त्यामागे काजळी दाखवता येणार नाही. काजळी दाखवायची असेल, तर तुकडे फाटलेले हवेत. दोन्ही एकाच विमानावर केलेले मी प्रदर्शनांत अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण करणाऱ्याचे हात चांगले असतात, फक्त त्याने एवढा विचार केलेला नसतो.

झिजेबद्दलही हेच सांगेन. हरिकेनच्या चालकाच्या जागेमागचे धड पत्र्याचे नाही. नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणलेले कापड अशी ती रचना आहे. तेथे रंग उडून चंदेरी धातू दिसला, असे दाखवणे चुकीचे ठरेल, कारण खाली धातूच नाही. १९४० पर्यंत पंख मात्र पत्र्याचे झाले होते. त्यामुळे चालक व कामगार जेथे पाय ठेवून चढत त्या पंखाच्या मुळाशी, इंजिनावरच्या झाकणांच्या कडांना आणि दारूगोळा भरण्याच्या झडपांभोवती थोडी झीज योग्य आहे. सहा आठवड्यांच्या सेवेत विमान उन्हाने विटत नाही, म्हणून रंग फार फिकट करू नका.

रंगांच्या कंपन्यांच्या क्रमांकांबद्दल: हंब्रॉलमध्ये २९, ३० आणि ९०, तमियामध्ये एक्सएफ-५२, एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-२१ हे अनुक्रमे डार्क अर्थ, डार्क ग्रीन आणि स्काय यांच्या जवळ जातात. एवढ्या लहान वस्तूवर मूळ गडद छटा आहे त्याहून काळपट दिसते, म्हणून वरच्या दोन्ही रंगांत थोडा पांढरा मिसळावा. दोन रंगांच्या कडेबद्दल साधे गणित करा. मूळ विमानावर ती एक इंच धूसर होती असे धरले, तरी १/७२ मध्ये ती एक तृतीयांश मिलिमीटर होते. म्हणजे जवळून पाहिले तर किंचित मऊ आणि हातभर अंतरावरून स्पष्ट, अशी कड हवी.

कुंभार गल्ली, शाहूपुरी यांचे उत्तर

मी विमाने बनवत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या गणेशमूर्तींचे काम आहे आणि गेली बारा वर्षे मूर्तींचे अंगरंग व छटा मी एअरब्रशने करतो. आमचाही सगळा हंगाम पावसात येतो, त्यामुळे ओल काय करते हे मला चांगले माहीत आहे. बावडेकरांनी कडेचे माप सांगितले, ती हाताने कशी आणायची तेवढे मी सांगू शकतो.

टेप पृष्ठभागाला पूर्ण चिकटली की कड कोयत्याने कापल्यासारखी येते आणि तिथे रंगाची बारीक पायरीही उभी राहते. त्याऐवजी भिंतीवर कागद चिकटवायला जी निळी-पांढरी मळता येणारी पुट्टी मिळते, तिची शेवयांपेक्षा थोडी जाड वळी करा आणि रंगाच्या सीमेवर ठेवा. आतला भाग टेपच्या तुकड्यांनी झाका. वळी गोल असल्यामुळे तिची कड पृष्ठभागापासून किंचित उचललेली राहते आणि रंग तिच्याखाली अगदी थोडा शिरतो. फवारा नेहमी सरळ वरून, काटकोनात मारा. तिरका मारलात, तर एका बाजूला कड धूसर आणि दुसऱ्या बाजूला धारदार येईल. शालूचे काठ आणि पितांबराच्या निऱ्या आम्ही अशाच करतो.

रंग दुधाइतका पातळ हवा. ताकासारखा दाट राहिला तर सुईच्या तोंडाशी सुकतो. दाब १५ पीएसआयच्या आसपास ठेवून पाहा. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करा, वस्तूवरून न थांबता न्या आणि पलीकडे बाहेरच बंद करा. हात वस्तूवर थांबला की तिथे ओघळ येतो. एका हातात रंग पूर्ण झाकायची घाई करू नका, तीन-चार विरळ हात द्या आणि प्रत्येक हातानंतर वस्तू प्रकाशासमोर आडवी धरून पाहा. मी प्रत्येक नवा रंग आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारतो आणि तो चमचा मूर्तीशेजारीच सुकायला ठेवतो. चमच्यावर झाक आली, तर त्या दिवशी मूर्तीला हात लावत नाही. तुम्हीही तसे करावे. चमचा रुपयाचा आहे.

रंकाळा वेस यांचे उत्तर

चर्चा उत्तम चालली आहे. एक सूचना करतो. पुढचे हरिकेन भारतीय हवाई दलाचे करावे. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनवरच लढली आणि तिचे नेतृत्व अर्जन सिंग यांच्याकडे होते, जे पुढे हवाई दलाचे मार्शल झाले. त्या आघाडीवरच्या विमानांच्या वर्तुळांतून लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच विमानावर गोळीबार होण्याची भीती होती. फक्त निळ्या छटांची ती वर्तुळे ३०३ च्या विमानाशेजारी ठेवली, तर एकाच विमानाची दोन आयुष्ये दिसतील.

उद्यमनगरी यांचे पुढील उत्तर

बावडेकरांच्या झिजेच्या मुद्द्याशी मी बहुतांशी सहमत आहे, विशेषतः कापडावर चंदेरी ओरखडे नकोत हे त्यांनी सांगितले ते फार महत्त्वाचे आहे. परंतु यंत्राच्या बाजूने एक भर घालतो. सहा आठवड्यांत रंग विटणार नाही हे खरे, पण दिवसातून तीन-तीन उड्डाणे करणाऱ्या इंजिनाच्या धुराड्यांमागे काजळी साठणार आणि पोटाखाली तेलाचे ओघळ मागेपर्यंत जाणारच. ती विमाने रोज धुवून पुसून ठेवायला कामगारांना उसंत नव्हती. म्हणून वरून नेटके आणि खालून तेलकट, असे विमान मला पटते. धुराड्यांमागचा पट्टा करताना निव्वळ काळा वापरू नका. काळ्यात तपकिरी मिसळून, फार पातळ करून, तीन-चार वेळा मारा.

राजारामपुरीकर यांचे पुढील निवेदन

सर्वांचे मनापासून आभार. मधले पाच आठवडे काम चालू होते, त्यामुळे लिहिण्यास उशीर झाला.

उद्यमनगरींचा अंदाज अगदी बरोबर ठरला. मी भाग धुतले नव्हते आणि प्रायमरही दिला नव्हता. सगळा रंग उतरवला. अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवल्यावर डार्क अर्थ पापुद्रे होऊन सुटला, पोटाखालचा स्काय मात्र जोडरेषांतून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. त्यासाठी गुजरीतून सोनारकामाची बारीक टोकाची सळई आणि चिमटा आणला. मॉडेलच्या दुकानातल्या हत्यारांच्या निम्म्याहून कमी किमतीत ती मिळाली आणि चिमट्याची टोके एकमेकांवर इतकी नेमकी बसतात की त्यानेच पुढे सगळे डिकल्स लावले. मग साबणाने धुणे, करड्या प्रायमरचा विरळ हात आणि बारीक वॉटर पेपर, या क्रमाने गेलो. प्रायमर दिल्यावर पंख आणि धड मिळतात तेथे एक केसाएवढी फट दिसली, जी आधीच्या रंगाखाली मला दिसलीच नव्हती. ती फटी भरायच्या पुट्टीने बुजवली.

रंग देण्यासाठी दोन दुपारी मिळाल्या. दोन्ही वेळा आधी चमचा रंगवला. पहिल्या दिवशी चमच्याच्या कडेला झाक धरली, म्हणून थांबलो. त्या दिवशी विमान रंगवले असते, तर पुन्हा तेच झाले असते. दुसऱ्या उघडिपीत आर्द्रतेचा काटा ६० वर होता, तेव्हा स्काय आणि डार्क अर्थ झाले, आणि चार दिवसांनी मळता येणाऱ्या पुट्टीच्या वळ्या लावून डार्क ग्रीन. वळ्या काढताना श्वास रोखून धरला होता. एकही पोपडा निघाला नाही. कड बावडेकरांनी सांगितली तशीच आली आहे, फक्त उजव्या पंखाच्या टोकाशी माझा हात तिरका झाला आणि तिथे ती थोडी जास्त धूसर आहे. ती तशीच ठेवली.

डिकल्स लावण्यापूर्वी चकचकीत वार्निशचा हात दिला, कारण मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी दिसते, हा धडा मी ब्रशच्या काळातच घेतला होता. तरीही धडावरच्या डाव्या वर्तुळाखाली, जोडरेषेच्या वळणावर, थोडी हवा राहिली. तेथे सुईने बारीक टोचून डिकल मऊ करणारे द्रावण सोडले आणि सकाळपर्यंत ते रेषेत बसले. काचेचे छत पांढऱ्या फेविकॉलने चिकटवले. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर धुरकट थर धरते, म्हणून त्याच्या वाटेला गेलो नाही. शेवटी पूर्ण विमानाला मॅट वार्निश दिले.

निवड आरएफ-आर या विमानाचीच केली. मशीनगनची भोके लाल तुकड्यांनी बंद आहेत, त्यामुळे पंखांवर काजळी नाही. धुराड्यांमागे आणि पोटाखाली उद्यमनगरींच्या सांगण्याप्रमाणे तेल आणि धूर आहे. कापडी धडावर एकही ओरखडा नाही. रंकाळा वेस यांनी सुचवलेले भारतीय हरिकेन पुढच्या हिवाळ्यात नक्की करीन, कोरड्या हवेत.

काल संध्याकाळी विमान आजीच्या हातात दिले. तिची नजर आता अधू आहे, म्हणून तिने ते खिडकीपाशी नेले आणि बोटाने पंखांच्या कडा चाचपल्या. हे चालवणारा माणूस चेक होता आणि पोलंडच्या लोकांबरोबर लढता लढता गेला, एवढे मी तिला सांगितले. ‘पोर कुठली आणि गेली कुठं,’ एवढेच ती म्हणाली. मग पुढच्या पंख्याची पाती तिने एकेक करून बोटाने फिरवली, पहिले, दुसरे, तिसरे, आणि हळू आवाजात मोजले: येदेन, द्वा, त्शी.